संदर्भ प्रतिमा: सुपरनोव्हा शोधण्याच्या प्रकल्पाच्या नोंदी, पुणे

१४ जून २०२५, शनिवार

काम आज कागदावर उतरलं. कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेतल्या झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटीच्या (पुढे सगळीकडे झेडटीएफ) खुल्या प्रतिमा उतरवून घ्यायच्या, ताज्या प्रतिमेतून जुनी वजा करायची, आणि जे उरेल त्यातून सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट झालेला तारा, ओळखायचा. नवा शोध लावायचा हेतू नाही. ज्यांची नोंद आधीच झाली आहे असे सुपरनोव्हा आपण लिहिलेल्या प्रोग्रामांच्या साखळीला स्वतःहून सापडतात का, एवढाच प्रश्न घेतला आहे.

आम्ही तिघं आहोत. काका भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूम सांभाळून निवृत्त झाले, आमची आठ इंची दुर्बीण त्यांच्या हातची. मामेभाऊ बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. मी हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये. पावसाळ्यात पुण्यातून आकाश दिसत नाही, म्हणून सप्टेंबरपर्यंत फक्त दुसऱ्यांच्या प्रतिमांवर काम. पालोमारला रात्र पडते तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेआठ-नऊ झालेले असतात. तिथली रात्र संपली की आपली संध्याकाळ, कामाला सोयीची.

यंत्राची माहिती एकदा लिहून ठेवते. झेडटीएफचा कॅमेरा २०१८ पासून पालोमारच्या ४८ इंची श्मिट दुर्बिणीवर आहे. एका चौकटीत ४७ चौरस अंश आकाश, म्हणजे पौर्णिमेचे दोनशेहून जास्त चंद्र मावतील एवढं. एका चित्राला ३० सेकंद, आणि त्यात साडेविसाव्या प्रतीपर्यंतचे ठिपके येतात (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका ठिपका अंधुक). टाइप वन-ए या जातीच्या सुपरनोव्हाची निरपेक्ष प्रत (ठरावीक अंतरावरून पाहिला तर दिसेल ती) ऐन भरात उणे १९.३ च्या आसपास असते. हिशेब केला तर दोन अब्ज वर्षांपूर्वी निघालेला प्रकाशसुद्धा या चौकटीत सापडू शकतो. आपल्या आकाशगंगेसारख्या दीर्घिकेत शतकाला दोन-तीन सुपरनोव्हा होतात, आणि आपल्या इथला नुसत्या डोळ्यांना दिसलेला शेवटचा १६०४ चा. एकाच दीर्घिकेकडे बघत बसलं तर आयुष्य सरेल. हजारो दीर्घिका एका रात्रीत बघायच्या, हाच उपाय.

मामेभावाला एका गोष्टीचा फार आनंद झाला: झेडटीएफ ज्यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली ते श्रीनिवास कुलकर्णी कुरुंदवाडचे, आणि तिच्या यंत्रशिक्षणाचं (मशीन लर्निंगचं) काम करणारे आशिष महाबळ आपल्या पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत पीएच.डी. झाले. मलाही झाला.

२३ जून, सोमवार

पालख्या काल पुढे गेल्या, रस्ते मोकळे. रात्री साडेआठला चिलीतल्या रुबिन वेधशाळेच्या पहिल्या प्रतिमांचं प्रक्षेपण तिघांनी काकांकडे बसून पाहिलं. ८.४ मीटरचा आरसा, ३२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा, दहा वर्षं तेच दक्षिणेकडचं आकाश पुन्हापुन्हा टिपायचं. कन्या राशीतल्या दीर्घिकासमूहाचं चित्र आलं तेव्हा काका उठून टीव्हीजवळ जाऊन उभे राहिले. सुमारे दहा तासांच्या निरीक्षणांत २१०४ नवे लघुग्रह सापडले, असंही सांगितलं. हा आकडा आपल्याला पुढे लागणार आहे, कारण सुपरनोव्हा शोधणाऱ्याला लघुग्रह म्हणजे ढीगभर खोटे उमेदवार.

नारळीकर सरांना जाऊन महिना झाला. आज ते असते तर त्यांनी या प्रतिमांवर मराठीत लिहिलं असतं, आणि दहावीतल्या मुलालाही कळलं असतं. आयुका १९८८ मध्ये उभी राहिली म्हणून पुण्यातल्या आमच्यासारख्यांना विद्यापीठाच्या फाटकातून आत जाऊन प्रश्न विचारायची सवय लागली.

प्रक्षेपणानंतर मामेभावाने विचारलं, "ताई, आता रोज रात्री लाखो सूचना सुरू होणार का?" लगेच नाही. रुबिनकडे अजून जुनं चित्र नाही. आकाशाच्या ज्या तुकड्याची चांगली संदर्भ प्रतिमा साठली नाही, तिथे वजा कशातून काय करणार? पहिल्या वर्षातली मोठी अडचण हीच आहे. एवढा मोठा आरसा आणि एवढा मोठा कॅमेराही कालच्या चित्राशिवाय अडून राहतो, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

६ जुलै, रविवार

आषाढी. काका उपासाला, आम्ही दोघं साबुदाण्याच्या खिचडीला.

पहिली वजाबाकी चालवली. झेडटीएफच्या कॅमेऱ्यात १६ सीसीडी (प्रकाश टिपणाऱ्या चिप), प्रत्येकाचे चार भाग, म्हणजे ६४ तुकडे. एकेक तुकडा ३०७२ गुणिले ३०८० पिक्सेलचा, एका पिक्सेलला साधारण एक विकला (अंशाचा ३६०० वा भाग). दोन रात्रींचा एकच तुकडा घेऊन सरळ वजा केला, तर प्रत्येक ताऱ्याच्या जागी गुंजेसारखा दाणा उमटला: एक बाजू उजळ, एक काळी. दोन प्रतिमा पिक्सेलच्या काही अंशाने सरकलेल्या असल्या की हे होतं. आम्ही त्यांना गुंजाच म्हणायला लागलो आहोत.

सरकवून जुळवल्यावर गुंजा बऱ्याच गेल्या. राहिल्या त्या कड्या: मध्ये काळं, भोवती उजळ. त्यांचं कारण हवा. एका रात्री वातावरण शांत, तारा दोन पिक्सेलांत मावतो. दुसऱ्या रात्री तोच तारा तीन-साडेतीन पिक्सेलांत पसरतो. प्रकाश तेवढाच, पसारा वेगळा. वजा केलं की फरक राहणारच. त्यामुळे वजाबाकीआधी धारदार प्रतिमा मुद्दाम मऊ करावी लागते, दुसरीच्या पसाऱ्याइतकी. आलार आणि लप्टन यांनी १९९८ मध्ये त्यासाठी जी पद्धत दिली तीच आम्ही वापरतो. प्रतिमेच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत पसारा थोडा बदलतो, तोही ती पद्धत सावरून घेते. झेडटीएफ स्वतः २०१६ मधली झकाय, ओफेक आणि गाल-याम यांची पद्धत वापरते. ती आम्ही नंतर लिहून पाहू.

काकांचा प्रश्न मोलाचा होता: "अगं, दोन्हींत गोंधळ असतो ना? मग वजा केल्यावर तो कमी होतो की वाढतो?" वाढतो. गोंधळ म्हणजे पिक्सेलच्या आकड्यांतला आपोआपचा चढउतार. दोन प्रतिमांचे गोंधळ एकमेकांना खात नाहीत, वर्गांच्या बेरजेने साठतात. म्हणूनच संदर्भ प्रतिमा एका रात्रीची ठेवत नाहीत, चांगल्या रात्रींच्या अनेक प्रतिमांची सरासरी असते. तिच्यातला गोंधळ इतका खाली जातो की वजाबाकीत ताज्या प्रतिमेचाच तेवढा उरतो.

१९ जुलै, शनिवार

ठिपका किती ठळक असला की उमेदवार मानायचा, तो उंबरठा कुठे ठेवायचा यावर दुपार गेली. तुकड्यात सुमारे ९४ लाख ६० हजार पिक्सेल. गोंधळ गाऊसीय (घंटेच्या आकाराच्या वक्राचा) धरला आणि ३ सिग्माच्या (सिग्मा म्हणजे गोंधळाचं माप) वरचं सगळं उचललं, तर काही घडलं नसताना नुसत्या योगायोगाने बारा-तेरा हजार पिक्सेल हात वर करतात. ५ सिग्मावर दोन-तीन. खऱ्या प्रतिमेत शेजारचे पिक्सेल एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे आकडा थोडा इकडे-तिकडे होईल, पण निर्णय स्पष्ट आहे. ५ ठेवला.

तरी उमेदवार शेकड्यांनी येतात, कारण उरतं ते फक्त योगायोगाने नाही. वैश्विक किरण सीसीडीवर आदळून एकदोन पिक्सेल पेटवतात. तो ठिपका ताऱ्याहूनही बारीक असतो, वातावरणातून आलेला प्रकाश तेवढा बारीक असूच शकत नाही. चलतारे, म्हणजे तेज बदलणारे तारे, गैया यानाच्या ताऱ्यांच्या यादीशी जुळवून काढले. दीर्घिकेच्या नेमक्या केंद्रावरचे ठिपके वेगळ्या खात्यात टाकले, तिथे बहुतेक वेळा मधल्या कृष्णविवराचा कमीजास्त होणारा उजेड असतो. केंद्राजवळ खरोखर स्फोट झाला असेल तर तो या खात्यात अडकेल, हे माहीत असून तसं ठेवलं आहे.

२ ऑगस्ट, शनिवार

एम १०१ या दीर्घिकेवर साखळीची परीक्षा.

तिच्यातला सुपरनोव्हा, २०२३आयएक्सएफ, १९ मे २०२३ रोजी यामागाताच्या कोइची इतागाकी यांनी कळवला. तेव्हा प्रत १४.९. हौशी निरीक्षक, आयुष्यभर दीर्घिकांची राखण करणारे. सुमारे दोन कोटी दहा लाख प्रकाशवर्षांवरची दीर्घिका म्हणजे सुपरनोव्हाच्या हिशेबात अंगणच. काही दिवसांत तो अकराव्या प्रतीपर्यंत चढला. आपल्याकडूनही, लडाखमधल्या हानलेहून, त्याची भरपूर निरीक्षणं झाली.

साखळीला स्फोटाआधीच्या आणि नंतरच्या प्रतिमा दिल्या, जागा सांगितली नाही. सर्पिल भुजांतले चमकदार वायूचे ढग दोन्ही प्रतिमांत सारखेच, ते निमूट वजा झाले. उरला एक ठिपका, गोल, स्वच्छ, पसाऱ्याने शेजारच्या ताऱ्यांइतकाच. मामेभाऊ खुर्चीतून उठला. ज्ञात गोष्ट होती, तरी आपण लिहिलेल्या ओळींतून ती वर आलेली पाहणं फार मोठं वाटलं, आणि ते इथे लिहायला मला संकोच नाही.

भरात आल्यानंतरच्या प्रतिमांत मात्र साखळी त्याला गाळते. झेडटीएफच्या ३० सेकंदांत तेराव्या प्रतीच्या आसपास पिक्सेल भरून वाहतात, आणि भरलेले पिक्सेल बाद करायचा नियम आहे. म्हणजे आकाशातली सगळ्यांत ठळक घटना नियमानेच बाहेर पडते. नियम ठेवला, पण जुन्या प्रतिमेत न भरलेला पिक्सेल नव्यात भरला तर तो वेगळ्या यादीत येईल अशी ओळ घातली.

याच सुपरनोव्हाची मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी. स्फोट कळल्यावर लोकांनी हबल आणि स्पिट्झर दुर्बिणींची जुनी चित्रं उघडली, आणि त्याच जागी धुळीत गुरफटलेला एक तांबडा महाराक्षसी तारा सापडला. कुणी तो सुपरनोव्हासाठी टिपला नव्हता. दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या चित्रात तो पडून होता. सुरुवातीच्या वर्णपटांत ताऱ्याने आधीच बाहेर टाकलेल्या वायूच्या बारीक रेषा दिसल्या, त्या काही दिवसांत मावळल्या. त्या दिवसांत वर्णपट घेतला गेला कारण बातमी ताबडतोब पोचली. बातमी ताबडतोब पोचली कारण "हे इथे काल नव्हतं" असं छातीठोकपणे सांगणारं चित्र हाताशी होतं.

१७ ऑगस्ट, रविवार

कोड कमी, वाचन जास्त. जुन्या चित्राचा धागा मागे किती जातो ते पाहत होते.

१५७२ मध्ये टायको ब्राहेने शर्मिष्ठेतला नवा तारा ओळखला, कारण त्या तारकासमूहाचे तारे त्याला पाठ होते. १९३४ मध्ये बाडे आणि झ्विकी यांनी सुपरनोव्हा ही वेगळी जात मांडली. झ्विकीने मग पालोमारला १८ इंची श्मिट दुर्बीण घेऊन दीर्घिकांच्या फोटोपट्ट्या काढायला सुरुवात केली, आणि नवी पट्टी जुनीशेजारी ठेवून बघणं हेच काम. ऑस्ट्रेलियातले रॉबर्ट इव्हान्स पेशाने धर्मोपदेशक. त्यांनी शेकडो दीर्घिकांची भोवतालच्या ताऱ्यांसकट ठेवण डोक्यात साठवली होती आणि नुसत्या नजरेने ४२ सुपरनोव्हा शोधले. त्यांच्याकडे संदर्भ प्रतिमा होती, फक्त ती कागदावर नव्हती.

सुपरनोव्हा १९८७ए चं तर सगळ्यांना ठाऊक आहे: मोठ्या मॅजेलनी मेघ या शेजारच्या दीर्घिकेतला फुटलेला तो तारा आधीच यादीत होता, सँडुलीक उणे ६९ २०२, आणि तो निळा निघाला. तांबड्याच ताऱ्यांचा असा शेवट होतो ही समजूत त्या एका जुन्या नोंदीने बदलली.

काकांना मी हे सांगत होते तेव्हा ते म्हणाले, टूलरूममध्ये मास्टर पीस (ज्याच्याशी बाकीची मापं ताडायची तो नमुना) कपाटात तेल लावून ठेवायचे, त्याला कुणी हात लावायचा नाही. आज संदर्भ प्रतिमांची वेगळी फोल्डर केली आणि त्या फक्त वाचता येतील अशा ठेवल्या.

३१ ऑगस्ट, रविवार

गणपतीत काम थोडंच. लघुग्रहांचा बंदोबस्त झाला. मुख्य पट्ट्यातला लघुग्रह आकाशात सूर्याच्या विरुद्ध बाजूला असताना तासाला तीसचाळीस विकला सरकतो. अर्ध्या तासाच्या अंतराने घेतलेल्या दोन प्रतिमांत तो पंधरावीस पिक्सेल हललेला दिसतो, सुपरनोव्हा जागेवर. म्हणून नियम: एकाच जागी दोनदा दिसल्याशिवाय उमेदवार नाही.

७ सप्टेंबर, रविवार

विसर्जनाची मिरवणूक आज संध्याकाळपर्यंत चालली. रात्री खग्रास चंद्रग्रहण. काम बंद.

२८ सप्टेंबर, रविवार

उमेदवार सापडला म्हणजे सुपरनोव्हा सापडला असं नाही. जागतिक नोंदवहीत, ट्रान्झियंट नेम सर्व्हरवर, तो आधी "एटी" म्हणून चढतो. वर्णपट आला आणि जात ठरली की "एसएन" होतो. टाइप वन-ए असेल तर वर्णपटात सिलिकॉनची खोल दरी. प्रयोगशाळेत ती ६३५५ अँगस्ट्रॉम तरंगलांबीला, सुपरनोव्हात ६१५० च्या जवळ, कारण वायू सेकंदाला दहा हजार किलोमीटरच्या घरातल्या वेगाने आपल्याकडे येतो. हायड्रोजन दिसला तर टाइप टू. आमच्याजवळ वर्णपटाचं साधन नाही. गिरवलीची आयुकाची दोन मीटर, हानलेची हिमालयन चंद्र, देवस्थळची ३.६ मीटर, ही तशी कामं करणारी आपली यंत्रं.

म्हणून आम्ही प्रकाशवक्र, म्हणजे दिवसागणिक बदलणाऱ्या तेजाचा आलेख, काढायला बसलो. वन-ए साधारण अडीच आठवड्यांत भरात येतो आणि मग ओसरतो. त्याचा उजेड निकेल-५६ च्या क्षयाचा: सहा दिवसांच्या अर्धायुष्याने कोबाल्ट, मग ७७ दिवसांच्या अर्धायुष्याने लोखंड. भरानंतरच्या पंधरा दिवसांत किती प्रती उतरतो ते मोजलं की त्याचं मूळ तेज कळतं. मार्क फिलिप्स यांनी १९९३ मध्ये हे दाखवलं: सावकाश ओसरणारा जास्त तेजस्वी. मामेभावाने ज्ञात वन-एंचे वक्र एकमेकांवर ठेवले, आणि सुधारणा केल्यावर ते खरोखर एकावर एक बसले. त्याला आता पुढच्या वर्षी एमएस्सीला हाच विषय हवा आहे.

एक गंमत वाचली ती टिपते. ऑगस्ट २०२२ मध्ये झेडटीएफला सापडलेला एक वन-ए अपेक्षेपेक्षा सुमारे पंचवीस पट उजळ होता. वन-ए किती उजळ असायला हवा हे ठाऊक असल्यामुळेच संशय आला. निघालं असं की वाटेतल्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने त्याचा प्रकाश भिंगासारखा एकवटला होता. त्याला एसएन झ्विकी हेच नाव मिळालं. ही कल्पना झ्विकीने स्वतः १९३७ मध्ये मांडली होती: दीर्घिका भिंगासारख्या वागतील.

१२ ऑक्टोबर, रविवार

विश्वाचं प्रसरण वेगाने वाढतं आहे हे १९९८ मध्ये कळलं, त्याचं नोबेल २०११ मध्ये पर्लमटर, श्मिट आणि रीस यांना मिळालं, इथवर बहुतेकांना माहीत असतं. त्यामागची वेळापत्रकाची करामत कमी लोकांना माहीत असते. मोठ्या दुर्बिणीचा वेळ महिनोन् महिने आधी मागावा लागतो, आणि सुपरनोव्हा कधी होईल ते कुणालाच सांगता येत नाही. मग पर्लमटर यांच्या गटाने असं केलं: अमावास्येनंतर लगेच दूरच्या हजारो दीर्घिकांची चित्रं घ्यायची, तीनेक आठवड्यांनी पुढच्या अमावास्येच्या आधी तीच पुन्हा घ्यायची, आणि वजाबाकी करायची. एवढ्या दीर्घिकांत काही सुपरनोव्हा हमखास निघणार, तेही अजून चढते किंवा ऐन भरातले, आणि लगेच येणाऱ्या अंधाऱ्या रात्री हवाईतल्या मोठ्या केक दुर्बिणीवर आधीच राखून ठेवलेल्या. अकस्मात घडणारी गोष्ट त्यांनी तारखेवर आणून बसवली.

काकांनी हे ऐकून भिंतीवरचं कालनिर्णय काढलं आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या अमावास्यांवर खुणा केल्या. आता आपली दुर्बीण बाहेर काढायची.

२२ नोव्हेंबर, शनिवार

वेल्ह्याजवळ, तोरण्याच्या पायथ्याला. थंडी बऱ्यापैकी. ईशान्येला पुण्याचा उजेड क्षितिजावर दहापंधरा अंश चढलेला, बाकी आकाश चांगलं. ज्यांच्या शेताच्या बांधावर दुर्बीण लावली त्या मावशींनी पिठलं-भाकरी पाठवली आणि नंतर स्वतः येऊन शनी पाहिला.

आज काही शोधायला आलो नव्हतो. फक्त संदर्भ प्रतिमा. अंधार पडताच वायव्येला एनजीसी ६९४६ ही दीर्घिका, जिच्यात १९१७ पासूनच्या शतकात दहा सुपरनोव्हांची नोंद झाली. मग डोक्यावर आलेली एनजीसी ८९१, मग मीन राशीतली एम ७४, जिच्यात २००२, २००३ आणि २०१३ ला झाले. प्रत्येकीची साठ-साठ सेकंदांची बरीच चित्रं, फिल्टर न बदलता, कॅमेरा एकाच कोनात. काकांनी फोकसरच्या नळीवर खूण कोरली आहे, म्हणजे पुढच्या वेळी पसारा शक्य तितका सारखा येईल.

माझ्या अंदाजाने एवढी चित्रं मिसळली तर सतराव्या प्रतीपर्यंत जाता येईल. वन-ए असेल तर तो साठ कोटी प्रकाशवर्षांवरूनही तेवढा उजळ दिसतो. आमच्या यादीतल्या दीर्घिका त्याहून कितीतरी जवळ आहेत, म्हणजे भरपूर वाव आहे, आणि चढता असतानाच पकडायची शक्यताही.

मामेभाऊ पहाटेपर्यंत एकटा बसून होता. "ताई, हे चित्र कधीतरी दुसऱ्या कुणाला लागलं तर?" लागू शकतं. म्हणून प्रत्येक प्रतिमेच्या शीर्षकात जागतिक वेळ, उघडझापीचे सेकंद, कॅमेऱ्याचं तापमान, जागेचे अक्षांश-रेखांश, सगळं भरायचं ठरलं. आमच्यापैकी कुणी नसतानाही ती वाचता आली पाहिजे.

३० नोव्हेंबर, रविवार

वेल्ह्याच्या प्रतिमा साखळीतून काढल्या. एम ७४ च्या आमच्या संदर्भ प्रतिमेतून त्याच रात्रीचं एक सुटं चित्र वजा केलं, उरलं ते जवळजवळ सपाट. गुंजा फक्त चौकटीच्या कडेला, तिथे आरशाचा कोमा दोष तारे ओढतो. कडेचे शंभर पिक्सेल सोडून द्यायचे, की कोमा सुधारणारं भिंग घ्यायचं, यावर काका भिंगाच्या बाजूला आहेत. किंमत विचारून ठेवते.

२० डिसेंबरला अमावास्या, शनिवारच आहे. तीच तिन्ही ठिकाणं त्याच क्रमाने, आणि वेळ उरला तर तिमिंगल राशीतली एम ७७. पहाटेसाठी सिंह राशीतल्या दीर्घिकांची यादी मामेभाऊ करतो आहे. ६९४६ तोवर फार खाली गेलेली असेल, तिला पहिला अर्धा तास द्यायचा.